तिन्ही वकिलांचा नकार

मेट्रनबाईंच्या फाटकापाशी गाडी थांबायच्या आधीच इन्स्पेक्टरला भांडण ऐकू आलं. आत एक बाई आणि एक पुरुष एकाच वेळी ओरडत होते आणि दोघांचंही म्हणणं एकच होतं.

"आई कुठंय ते बोल आधी."

इन्स्पेक्टरची दाढ आदल्या दिवसापासून ठणकत होती. तिनं गाल दाबून धरला.

हवालदार म्हणाला, "मॅडम, जरा इथंच थांबू. दमले की गप्प बसतील."

"मी दमलेय," ती म्हणाली आणि आत गेली.

मेट्रनबाई गावाला ठाऊक होत्या. सरकारी हॉस्पिटलात त्यांनी उभी हयात काढली होती. अर्ध्या गावाच्या बाळंतपणाला त्या हजर होत्या आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्यांनी कधी ना कधी झापलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, नवरा गेला, तरी त्या घरात एकट्याच राहत. घर लहानच, पण भोवती ऐसपैस मोकळी जागा होती, तीही भर बाजारपेठेला लागून. त्या जागेवर नजर नसलेला माणूस गावात शोधून सापडला नसता.

आज सकाळी त्या घरात नव्हत्या. लेकीनं पोलिसांना फोन केला होता. ती शाळेत गणित शिकवायची आणि दोन गल्ल्या सोडून राहायची. फोननंतर थोरला भाऊ येऊन थडकला. तो ट्रकचा धंदा करायचा, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

इन्स्पेक्टरनं थोरल्याला बाहेरच्या खोलीत बसवलं, हवालदाराला त्याच्यापाशी ठेवलं आणि लेकीला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"काल संध्याकाळी. रोजच्यासारखी फ्लास्कमध्ये दूध घेऊन आले होते. झोपायच्या आधी घेते ती."

"कशा होत्या?"

"कशा असणार? दोनेक महिने झाले, डोकं ठिकाणावर नाही तिचं. सकाळी उठत नाही, उठली की बरळते. परवा मला सिस्टर म्हणून हाक मारली. बाथरूममध्ये पडली ते वेगळंच." लेकीचे डोळे भरून आले. "अशी बाई आपल्या पायानं जाईल का कुठं? दादानं नेलंय. सही घ्यायला."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? या जागेवर. त्याला इथं इमारत बांधायचीय."

बोलता बोलता लेक कपाटं उघडत होती. मोरीखाली वाकून बघत होती. बरण्या सरकवत होती.

"काय शोधताय?"

"फ्लास्क. दिसत नाहीये कुठं. माझा आहे, चांगला होता."

इन्स्पेक्टरनं विषय बदलला.

"तुम्ही वकील का नाही केलात? आईची एवढी काळजी होती तर?"

"गेले नसेन का? मागच्या आठवड्यात एका दिवसात गावातल्या तिन्ही वकिलांचे उंबरे झिजवले. नाव विचारतात, समोर कोण ते विचारतात, आत जाऊन येतात आणि म्हणतात जमणार नाही. का, तर तेही सांगत नाहीत. मोठ्या वकिलांकडे तर एवढ्या पायऱ्या चढून गेले, त्यांनी साधं पाणी विचारलं नाही. दादानं सगळ्यांना विकत घेतलंय."

इन्स्पेक्टर झोपायच्या खोलीत गेली. पलंगावरची चादर ताणून घातलेली होती. कोपरे हॉस्पिटलात दुमडतात तसे तिरके दुमडलेले. एकही सुरकुती नव्हती. कपाटातून दोन जोडी कपडे गेले होते. चालायचे बूट गेले होते. उशाच्या खणात औषधं असायची म्हणे, तो रिकामा होता.

मग ती थोरल्यापाशी येऊन बसली. तो बसल्या जागी धुमसत होता.

"आई कुठं आहे?"

"मला माहीत असतं तर इथं तुमचं तोंड बघत बसलो असतो?"

"नीट बोला."

"नीटच बोलतोय. हिनं लपवलंय आईला. रोज येऊन गुलूगुलू बोलायची, आता कुठंतरी नेऊन ठेवलंय आणि उलट्या बोंबा मारतेय."

"जागा तुम्हाला हवी आहे, असं ऐकलं."

"हवी आहे. माझा हिस्सा मला हवाय. आईच्या तोंडावर सांगितलंय, चोरून नाही."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, मी मेल्यावर दोघांना सारखं. तोवर फाटकाला हात लावायचा नाही."

"त्यांचं डोकं ठिकाणावर होतं?"

थोरल्यानं आवाज खाली आणला. "मी महिन्यातून एकदा जातो. तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी आणून देतो. मागच्या खेपेला जरा सुस्त होती. वेडी नव्हती. हट्टी म्हणाल तर आहे."

"वकील केलात?"

"करू दिला तर ना! आपसात वाटणीची नोटीस द्यायची म्हणून गेलो. समोर कोण, विचारलं. आई आणि बहीण, म्हटलं. तिघांनीही हात वर केले. बहिणीनं बांधून ठेवलेत सगळे."

इन्स्पेक्टर उठली. आल्यापासून दोघं आपापली फिर्याद सांगत होते. जागा, सही, हिस्सा, फ्लास्क. आई उपाशी असेल का, तिला कुठं चक्कर आली असेल का, हे एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"दोघांनी गाव सोडायचं नाही," ती म्हणाली. "आणि एकमेकांच्या अंगावर धावून जायचं असेल तर रस्त्यावर जा. हे तुमच्या आईचं घर आहे."

गाडीत हवालदारानं विचारलं, "आता कुठं? नदीकडं माणसं पाठवली आहेत. बसस्टँडवरही चौकशी चालू आहे."

"वकिलांकडे. एक म्हणतो तिनं फितवलं, दुसरी म्हणते त्यानं फितवलं. तिघांपैकी एकाला तरी खरं माहीत असणार."

"वकील आणि खरं," हवालदार म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

मोठे वकील वयानं मोठे होते, अंगानंही. त्यांचं ऑफिस रंगाच्या वासानं भरलं होतं. फायली अजून खोक्यांतच होत्या. जिन्याच्या तोंडाशी एक फळी आडवी ठोकलेली होती. ते काठी टेकत उठायला लागले, तशी इन्स्पेक्टरनं त्यांना बसायला सांगितलं.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं," ते म्हणाले. "वर चढवत नाही. महिना झाला, सगळं बिऱ्हाड खाली आणलं. हलवताना माझी माशांची काचेची पेटी फोडली हमालांनी. बोला."

"मेट्रनबाई बेपत्ता आहेत."

त्यांच्या हातातली काठी निसटून खाली पडली. "कधीपासून?"

"रात्रीपासून. त्यांचा मुलगा तुमच्याकडे आला होता. तुम्ही त्याला नाही म्हणालात. का?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मुलगीही आली होती."

"तेही नाही सांगता येणार."

"आली होती की नाही, एवढंच सांगा."

"बाई, माझ्या दारात कोण येऊन गेलं, हे सांगायचा मला हक्क नाही. तुम्ही बेड्या घातल्यात तरी नाही."

"एक म्हातारी बाई सापडत नाहीये."

"ऐकलं मी." त्यांनी घाम पुसला. "सापडल्या की मला कळवाल? रात्र असली तरी कळवा. कळवाल ना?"

इन्स्पेक्टर दार आपटून बाहेर पडली.

दुसरं ऑफिस दोघा जुळ्या भावांचं. गाव त्यांना जुळे असंच म्हणायचं. एकजण वाक्य सुरू करायचा, दुसरा संपवायचा.

"मेट्रनबाई बेपत्ता झाल्याचं..."

"...आत्ताच कळलं. तुम्हाला मदत करायला..."

"...आवडलं असतं, पण नाही करता येणार."

"तुम्ही मुलाला नाही म्हणालात. मुलीला नाही म्हणालात."

"तुम्ही म्हणता तर..."

"...असेल तसं."

एकजण पेन्सिलीला टोक करत होता. त्यानं शेवटपर्यंत मान वर केली नाही. दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

तिसरं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका तरुण वकिलीणबाईंचं. लोक त्यांना वकीलताई म्हणत. इन्स्पेक्टर आत शिरली तेव्हा दारातल्या टेबलापाशी एक माणूस उभा होता आणि वकीलताईंची मदतनीस त्याला विचारत होती, "काम नंतर सांगा. आधी तुमचं नाव आणि तुमच्या समोर कोण आहे त्यांचं नाव." माणूस काम सांगायला लागला, तर तिनं त्याला हातानं थांबवलं. "आत्ता एक शब्द सांगू नका. आधी नावं."

"हे काय चाललंय?" आत बसल्यावर इन्स्पेक्टरनं विचारलं.

"हे सांगता येईल," वकीलताई म्हणाल्या. "आमच्याकडे नवीन माणूस आला की आधी नावं ताडून बघतो. समजा, जमिनीच्या भांडणात तुमचा शेजारी कालच येऊन मला सगळं सांगून गेला. आज तुम्ही त्याच शेजाऱ्याच्या विरोधात आलात, तर मी तुमचं काम घेऊ शकत नाही. त्याचं गुपित माझ्या पोटात आहे. दोन्ही बाजूंचं हित एका वकिलाला बघता येत नाही, हितसंबंध आडवे येतात."

"आणि शेजारी नुसताच येऊन गेला, पुन्हा फिरकलाच नाही तर?"

"तरी दार बंद. एकदा विश्वासानं बोलला की बोलला."

"मग मला सांगायचं, की शेजारी आधी आला होता म्हणून जमत नाही."

"तेही नाही सांगता येत. तो आला होता, हेच गुपित असतं कधीकधी. म्हणून आम्ही नुसतं नाही म्हणतो. लोक शिव्या देतात."

"द्यायलाच हव्यात," इन्स्पेक्टर म्हणाली. तिनं टेबलावर हात आपटला, तशी दाढेतून कळ थेट कानात गेली. "आई मेली तरी चालेल, पण तुमचं कुलूप निघणार नाही. मेट्रनबाईंच्या मुलाला तुम्ही परत पाठवलंत. मुलीला परत पाठवलंत. ती बाई कुठं पडली असेल, कुणी मारून टाकली असेल, आणि तुम्ही मला शेजाऱ्याच्या गोष्टी सांगताय."

"जिवावर बेतलं असेल तर आम्हाला बोलायची मुभा आहे," वकीलताई शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा आम्ही बोलतोच."

"मग बोला."

वकीलताई बोलल्या नाहीत. त्यांनी चहा सांगितला. इन्स्पेक्टर चहा न घेताच उठली.

गल्लीत येईपर्यंत ती पुटपुटत होती. माणसं आहेत का दगड. वकीलताई शांत. जुळे शांत, पेन्सिलीला टोक करत बसले. त्या म्हाताऱ्या वकिलाला निदान घाम तरी फुटला.

आणि ती थांबली.

मागून येणारा हवालदार तिच्यावर आदळता आदळता राहिला. "काय झालं?"

"हवालदार, समजा थोरल्यानं तिन्ही वकील आधी गाठले असते. तर त्याच्या कामाला निदान एकजण तरी मिळाला असता की नाही?"

"मिळालाच असता."

"आणि बहिणीनं गाठले असते तर तिला."

"पण दोघांनाही परत पाठवलंय."

"हो," ती म्हणाली. "साप साप म्हणून भुई धोपटत होते मी. नदीवरची माणसं परत बोलवा. आणि मला सांगा, घरातून पळून जाणारं माणूस बरोबर काय नेतं?"

"पैसा. कपडे."

"दुधाचा फ्लास्क नेतं का?"

हवालदार विचारात पडला. तो उत्तर देईपर्यंत ती गाडीत बसली होती. "सरकारी हॉस्पिटल," ती म्हणाली. "आणि येताना दाढेचं बघू."

दाढेचं बघायचं राहूनच गेलं. हॉस्पिटलातून ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं फोन करून दोन्ही भावंडांना आईच्या घरी बोलावलं.

*

थोरला खुर्चीच्या टोकावर बसला. लेक खिडकीपाशी उभी राहिली. हवालदार आतल्या दाराला पाठ लावून उभा होता.

"आई सापडली का?" लेकीनं विचारलं.

"सांगते. आधी तुम्हाला हे कोडं सोडवून दाखवते. तुम्ही गणित शिकवता ना?" इन्स्पेक्टर उभीच राहिली. "वकिलाचा नियम असा, की एकाचं ऐकून घेतलं की त्याच्या विरोधातल्या कुणाचंही काम घ्यायचं नाही. जुळ्यांनी आणि वकीलताईंनी तुम्हा दोघांनाही परत पाठवलं. म्हणजे तिथं आधी जो जाऊन आला, तो दोघांच्याही विरोधात होता. असा माणूस कोण?"

थोरल्यानं बहिणीकडे बघितलं. बहिणीनं त्याच्याकडे. सकाळपासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडे भांडल्याशिवाय बघत होते.

"आई?" थोरला म्हणाला.

"आई. बेपत्ता बाईची बातमी ऐकून जुळ्यांच्या आणि वकीलताईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. जिवाला धोका असता तर ते बोलले असते. ते बोलले नाहीत, कारण त्यांना माहीत होतं की बाई सुखरूप आहे. त्यांचं गप्प बसणं हेच उत्तर होतं. मला ते रागाच्या भरात ऐकू आलं नाही."

"पण ती तर गुंगीत..." लेक म्हणाली.

"गुंगीतली बाई दोन ऑफिसं फिरून वकिलांना सगळं समजावून देते? गुंगीतली बाई निघताना चादरीचे कोपरे दुमडून जाते? त्या काल रात्री पूर्ण शुद्धीत होत्या. कारण काल त्यांनी दूध प्यायलं नाही."

लेकीनं खिडकीबाहेर नजर वळवली.

"त्यांनी घरातून तीन गोष्टी नेल्या. कपडे, गोळ्या आणि फ्लास्क. एखादी मेट्रन गोळ्या आणि दूध बरोबर घेऊन निघते, तेव्हा ती पळून जात नसते. ती तपासायला नेत असते. कुठं, हे सांगायला पोलिसाची गरज नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली सिस्टर आज त्या हॉस्पिटलची मेट्रन आहे. तिनं नर्सांच्या वसतिगृहात खोली दिली, रक्त काढलं, गोळ्या आणि दूध तपासायला दिलं."

"काय निघालं?" थोरल्यानं विचारलं. त्याचा आवाज पार उतरला होता. "गोळ्या मी आणायचो."

"गोळ्या चांगल्या आहेत. दुधात झोपेचं औषध आहे. रक्तातही."

"कोण म्हणतं?" लेक म्हणाली. "त्या फ्लास्कमध्ये नंतर कुणीही काहीही टाकेल."

"टाकेल. म्हणून मी फ्लास्कवर थांबले नाही. मोठ्या वकिलांचं राहिलं अजून. त्यांना घाम का फुटला? बाकीचे शांत आणि हे एकटेच घाबरलेले. म्हणजे मेट्रनबाई कुठं आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मेट्रनबाईंचं काम घेतलं नव्हतं. त्यांनाही परत पाठवलं होतं." ती थोरल्याकडे वळली. "तुम्हालाही पाठवलं. मग तिथं आधी कोण आलं होतं? आईच्या विरोधात आणि भावाच्याही?"

थोरला हळूहळू उभा राहिला.

"बसा," इन्स्पेक्टर म्हणाली. मग लेकीला, "मोठ्या वकिलांकडे कधी गेला होतात?"

"सांगितलं ना सकाळी. मागच्या आठवड्यात."

"पायऱ्या चढून."

"हो."

"वर गेल्यावर कुठं बसलात?"

"बाहेरच्या बाकावर. माशांच्या पेटीसमोर. हे काय विचारताय?"

"ती पेटी महिन्यापूर्वी फुटली. जिना बंद आहे. ऑफिस खाली आलंय. मागच्या आठवड्यात तुम्ही तिथं गेलाच नाहीत. त्याच्या कितीतरी आधी गेला होतात, आईच्या आधी, भावाच्याही आधी. आईचं डोकं फिरलंय, तिच्या मालमत्तेची पालक मला नेमा, असा अर्ज करायला. मग आई स्वतःच त्यांच्याकडे गेली. ती किती शहाणी आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तुम्हाला ते काही सांगू शकत नव्हते, पण तुमचं काम सोडू शकत होते. त्यांनी फोनवर सोडलं असणार. मग तुम्ही दुसरा वकील शोधायला निघालात, तोवर बाकीची दारं आईनं लावून टाकली होती."

"सगळं मनचं आहे तुमच्या."

"आई हरवली म्हणून तुम्ही मला बोलावलंत. मी आले, तेव्हा तुम्ही मोरीखाली फ्लास्क शोधत होतात. चोराच्या मनात चांदणं."

हवालदार दारातून बाजूला झाला. मेट्रनबाई बाहेर आल्या. उंच, ताठ, केस घट्ट बांधलेले. त्यांनी दोन्ही मुलांकडे वॉर्डात फेरी मारताना बघतात तसं बघितलं आणि सरळ आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"आई," थोरला म्हणाला आणि पुढे झाला. "बघितलंस ना, मी म्हणत होतो..."

"तू काही म्हणू नकोस. तू आणलेल्या गोळ्याही मी तपासायला दिल्या होत्या. आपल्या पोराच्या गोळ्या आईला तपासाव्या लागतात, यात काय ते समजून घे."

तो खाली बसला.

"मोठ्या वकिलांनी मला परत पाठवलं, तेव्हा त्यांच्याच मदतनिसाला मी छेडलं," मेट्रनबाई इन्स्पेक्टरकडे बघत म्हणाल्या. "नियम काय, एवढंच विचारलं. त्यानं सांगितला. रस्त्यावर आले आणि मला कळलं, माझ्या दोघांपैकी एकजण आपल्या आईच्या विरोधात त्या वकिलांसमोर बसून गेलंय. कोण ते कळेना. मला रडू नाही आलं. राग आला. म्हटलं, एक दार तुम्ही लावलंत ना, उरलेली मी लावते."

"पोलिसांकडे का नाही आलात?"

"कुणाचं नाव सांगू? चुकीच्या पोराला पकडून दिलं असतं तर? आधी खात्री करायची होती."

लेक एकदम बोलली. रडत नव्हती. आवाज कोरडा होता.

"चार वर्षं रोज आलेय मी. पाऊस असो, ताप असो, पेपर तपासायचे असोत. तुझं दूध, तुझे पाय, तुझी बिलं. हा महिन्यातून एकदा गोळ्या टाकून जायचा आणि तू शेजारणीला सांगायचीस, मुलगा आला होता. मी रोज यायचे ते कधी सांगितलंस कुणाला? आणि जागेचं विचारलं तर म्हणालीस, दोघांना सारखं. सारखं! मला रात्र रात्र झोप यायची नाही. डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या. माझ्याच गोळ्या होत्या त्या."

इन्स्पेक्टरला दुपारपासून ज्या बाईचा संताप येत होता, तिच्या तोंडून निघालेलं अर्धं खरं होतं आणि त्यानं तिला जास्तच संताप आला.

"तू माझं केलंस," मेट्रनबाई म्हणाल्या. "ते खरं आहे. मी तुझं मोल केलं नाही, तेही खरं. त्यासाठी भांडायचं होतंस. दूध आणायचं बंद करायचं होतंस. माझ्या तोंडावर दार आपटून जायचं होतंस, मी तुझ्या मागे आले असते. पण तुझं दूध पिऊन मी बाथरूममध्ये पडले. माझं डोकं फुटलं. तू आलीस, मला उचललंस, जखम पुसलीस. तुझे हात थरथरत होते, मला वाटलं माझ्या काळजीनं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू पुन्हा तोच फ्लास्क घेऊन आलीस." त्या पुढे झुकल्या. "पहिल्या दिवसाचं मी समजू शकते. त्या दुसऱ्या दिवसाचं नाही."

लेकीनं खिडकीचा गज धरला.

इन्स्पेक्टरनं असे प्रसंग पुष्कळ पाहिले होते. शेवटी आई पाघळते, घरातलं घरात ठेवू म्हणते आणि पोलिसांना चहा देऊन वाटेला लावते. हवालदारानंही तेच धरलं होतं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली होती.

"मेट्रनबाई," ती हळू म्हणाली, "तक्रार उद्या दिलीत तरी चालेल. विचार करा."

"विचार नर्सांच्या वसतिगृहात झालाय. हवालदार, कागद घ्या."

हवालदारानं टोपी काढली आणि टेबलापाशी बसला.

"आई," लेक म्हणाली.

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. पाठ खुर्चीला न टेकवता त्या बसल्या होत्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि हे माझ्या मर्जीनं सांगते आहे. पहिलं वाक्य हेच असू द्या. पुढचं मी सावकाश सांगते, तुम्हाला जमेल तसं घ्या."